अकराव्या दाराचा ऑत्तावियो

आमच्या रोझानेल्ला गावात मूल जन्मलं की सुईण आधी मुलगा की मुलगी ते सांगते, आणि मग खिडकीतून बाहेर ओरडून विचारते, "पाणी कुठल्या दारावर आहे?" आमच्या पाटाला अकरा दारं. त्या घटकेला ज्या दारातून पाणी खाचरात उतरत असेल, ते त्या जिवाचं दार. वरच्या दाराचं माणूस उतावळं निघतं, मधल्या दारांचं भांडखोर, आणि अगदी खालच्या, अकराव्या दाराचं माणूस सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसणारं. मी चौथ्या दाराचा. भांडखोर आहेच.

काउंटांच्या मोठ्या घरात ऑत्तावियो जन्मला तेव्हा मी पाटावर होतो. वय पंचवीस, हातात लोखंडी चावी. सुईणीनं दुसऱ्या मजल्यावरून विचारलं, आणि मी खालून ओरडलो, "अकरावं!" सुईणीनं खिडकी अर्धी लोटून घेतली. अकराव्या दारावर गावातली सगळ्यात गरीब खाचरं. त्या दाराचा काउंट कुणी ऐकला नव्हता. मग बाळंतिणीचाच आवाज आला, दमलेला पण स्वच्छ. "शेवटचं तर शेवटचं. पाणी तिथंही तेच असतं ना, बास्तियान?"

"तेच असतं, मालकीणबाई," मी म्हणालो. "फक्त जरा निवांत झालेलं असतं."

मी पाटकरी. माझा बाप पाटकरी, आजा पाटकरी. सेझिया आणि दोरा या दोन नद्यांच्या मधली आमची जमीन ताटासारखी सपाट आहे असं वाटसरूंना दिसतं. ती सपाट नाही. ती किती झुकलेली आहे ते पाण्याला ठाऊक आहे आणि मला. दारं उचलायची चावी हातभर लांबीची, माझ्या आज्याच्या हातांनी गुळगुळीत झालेली. ती पाटकऱ्यानं कुणाच्याही हाती द्यायची नाही, राजा आला तरी नाही, अशी रीत आहे.

ती चावी ऑत्तावियोनं नऊ वर्षांचा असताना चोरली. मी तुतीखाली बसून घेवडा घातलेला भात जेवत होतो, तेवढ्यात त्यानं सातवं दार उचललं. पाणी धावताना बघायचं होतं म्हणे. पाणी धावलं. आठवं, नववं, दहावं ओलांडून ते तळाला असलेल्या देल्फिनाच्या तुकड्यात शिरलं, बांध फुटला आणि चार दिवसांपूर्वी पेरलेलं बी दलदलीत वाहून गेलं. देल्फिना तेव्हा नुकतीच विधवा झालेली. तिच्याजवळ तेवढाच तुकडा.

काउंट तेव्हा हयात होते. त्यांनी पोराला कानाला धरून माझ्यापुढं उभं केलं. "हा तुझ्या पाण्याचा चोर. तुझ्या रीतीनं काय ते कर."

आमची रीत सोपी आहे. ज्यानं बांध फोडला त्यानंच तो आपल्या हातांनी बांधायचा. अकरा दिवस काउंटांचा वारस टोपलीनं चिखल वाहत होता. देल्फिना बांधावर बसून शेंगा सोलत होती आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

"धाकटे मालक, चिखल टोपलीत भरायचा असतो, तोंडाला फासायचा नसतो!"

"वाकून चाल रे पोरा. ताठ चालायला ही काय वाड्याची नाचाची खोली आहे?"

अकराव्या दिवशी तिनं त्याला आपल्या पातेल्यातला भात वाढला. तो तिथंच बांधावर बसून जेवला, आणि मी त्याला माझ्या बापानं मला सांगितलेलं सांगितलं. "तावियो, पाणी ओतलं की धावतं, चढवलं की बसतं. खाचरं भरायची तर आधी तळाची मोरी बुजवायची. तळ भरला की वरचं खाचर, मग त्याच्या वरचं. धावतं पाणी बी पळवतं. चढतं पाणी बियाच्या अंगावर पांघरूण घालतं."

त्यानं मान डोलावली. मला वाटलं, पोर आहे, विसरेल.

सतराव्या वर्षी तो तुरिनला लष्करी शाळेत गेला. काउंट वारले होते, घरात एकटा मुलगा, सगळी जमीन त्याची. सगळ्यांनी समजावलं. मीही समजावलं. तो म्हणाला, "बास्तियानकाका, नदीपलीकडं परक्यांचं राज्य आहे, तिथं आपलीच माणसं परक्या शिपायाला टोपी काढून सलाम करतात. मी जमीन सांभाळत बसलो तर उद्या माझीही टोपी निघेल. मला टोपी डोक्यावर आवडते."

टोपी त्याला शोभतही होती. पूल बांधणाऱ्या, खंदक खणणाऱ्या पलटणीत तो लेफ्टनंट झाला. सुट्टीत आला की बूट काढून आधी पाटावर यायचा, मग घरी. मालकीणबाई म्हणायच्या, "माझा मुलगा आधी बेडकांना भेटतो."

तो बावीस वर्षांचा होता त्या वसंतात लढाई पेटली. शत्रूची फौज नदीपलीकडं जमली होती. मधे आमची खाचरं, आणि आमच्या मागं तुरिनचा उघडा रस्ता. आमच्या मित्रदेशाची फौज डोंगर ओलांडून यायला दहा-बारा दिवस हवे होते. तेवढे दिवस शत्रूला अडवायचं कशानं? सैन्य अपुरं, तटबंदी नाही. होतं ते पाणी.

गुरुवारी सकाळी चर्चच्या ओट्यावर एक मेजर आले, आणि त्यांच्या मागं घोड्यावरून ऑत्तावियो. ईस्टरच्या आधीचा गुरुवार. त्या वर्षी ईस्टर उशिरा आला होता आणि ऊन लवकर, त्यामुळं पेरा होऊन गेला होता. मेजर थोडक्यात बोलले. "मुख्य दार पूर्ण उघडायचं. उद्या दुपारपर्यंत सगळा मुलूख कमरेएवढ्या पाण्याखाली हवा."

 मुख्य दार एकदम उघडलं तर काय होईल हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. एकही बांध राहिला नसता. बी गेलं असतं, वरची काळी माती गेली असती. शत्रू कदाचित अडला असता, पण हिवाळ्यात आम्ही खाल्लं काय असतं?

देल्फिना पुढं झाली. "साहेब, शत्रू आला तर भात खाऊन जाईल. तुम्ही तर भात उगवूच देत नाही. मग तुमच्यात नि त्याच्यात निवड कशी करायची, तेवढं सांगा."

मेजरांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात ऑत्तावियो म्हणाला, "साहेब, मला रविवार सकाळपर्यंत वेळ द्या. पाणी मी भरून देतो. एकही बांध न फोडता."

"रविवारी शत्रू नदी ओलांडेल."

"ओलांडू दे. पुढं त्याला पाणीच भेटेल."

"आणि नाही भेटलं तर?"

"तर तुमचा हुकूम मी मोडला असा कागद आत्ताच लिहा. मी सही करतो. पुढं काय होतं ते मला माहीत आहे."

ते आम्हालाही माहीत होतं. लढाईत हुकूम मोडणाऱ्याला भिंतीपुढं उभं करून गोळी घालतात.  मेजर वाईट गृहस्थ नव्हते, फक्त डोंगरातले होते, खाचर कधी न पाहिलेले. त्यांनी कागद लिहिला. ऑत्तावियोनं चर्चच्या भिंतीवर कागद टेकवून सही केली आणि देल्फिनाकडं वळला. "मावशी, तुझं बी जागेवर राहील. वचन देतो."

"वचन नको मला. पाणी नीट सोड."

मग जे काम झालं ते मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. सगळा गाव खाचरांत उतरला. तळाच्या मोऱ्या गवताच्या ढेकळांनी बुजवल्या. बांधाबांधावर माणूस उभा राहिला, कुठं पाझर दिसला की फावडंभर माती. दोन मैल वर मुख्य दारावर म्हातारा चेस्को होता. त्याला सांगितलं होतं, दार वीतभरच उघडं ठेव, निरोप येईपर्यंत हलवू नकोस. पाणी येत होतं आणि तळापासून चढत होतं, दूध तापल्यावर साय जशी न हलता वर येते तसं. आधी अकरावं, मग दहावं, मग नववं. ऑत्तावियो गुडघाभर चिखलात, अंगात पलटणीचा कोट, पाय उघडे. शुक्रवारी संध्याकाळी पाचव्या दारापर्यंत पाणी बसलं होतं. बांध पाण्याखाली गेले होते, पण मोडले नव्हते. आपण काय करतो आहोत हे आम्हाला पुरतं ठाऊक होतं. गाव गात होता, खोटं नाही सांगत.

आणि इतकी सगळी शहाणी माणसं एक गोष्ट विसरलो.

आमच्याकडं ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी चर्चच्या घंटा बांधतात. येशू थडग्यात असतो तोवर घंटा वाजत नाही. शनिवारी सकाळी पाद्रीबाबा घंटा सोडतात, आणि ती पहिली घंटा ऐकली की जो जिथं असेल तिथं वाकून वाहत्या पाण्यानं डोळे धुतो. वर्षभर नजर चांगली राहते. आणि त्या पाण्यात ताजं पाणी मिसळावं म्हणून त्या घंटेला वरचा चेस्को मुख्य दार पूर्ण उचलतो. चाळीस वर्षं उचलत होता. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, म्हणूनच यंदा घंटेला उचलू नकोस हेही कुणी सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी घंटा वाजली. सगळ्यांनी फावडी टाकली. सगळे वाकले. ऑत्तावियोही वाकला, मीही. डोळे धुतले, एकमेकांना मिठ्या मारल्या, बायका रडल्या, दोन दिवसांचा शीण उतरला. देल्फिना तळाच्या बांधावरून सावकाश चालत वर आली, गुडघ्यांचं दुखणं होतं तिला. ती शेवटी पाटाच्या काठी बसली, ओंजळ भरली आणि तशीच थांबली.

"अरे पोरा," ती ऑत्तावियोला म्हणाली, "पाणी गढूळ का?"

त्यानं तिच्या ओंजळीत पाहिलं, मग माझ्याकडं.

"चेस्को," तो म्हणाला.

पाटाचा आवाज बदलला होता. वरून लोंढा येत होता. तो तिसऱ्या दाराला पोचला की खालच्या भरलेल्या खाचरांवर आदळणार, एक बांध फुटणार, मग दुसरा, आणि दोन दिवसांचं काम, सगळ्या गावाचं बी आणि खाली सही असलेला तो कागद, सगळं एकदम दलदलीत. लोंढा वाटेतच कुठंतरी वळवायला हवा होता. तिसऱ्या दाराला एक आडवं दार आहे. ते उघडलं की पाणी एकाच बाजूला जातं, मोठ्या घराकडं. त्याच्या कुरणात, त्याच्या बागेत, त्याच्या तळघरात.

ऑत्तावियोनं हात पुढं केला. "काका, चावी."

मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. तिसरं दार लांब होतं आणि तो बावीस वर्षांचा. तीन पिढ्यांत कुणाला न दिलेली चावी मी त्याच्या हातात ठेवली. "आणि तू माझा घोडा घे. चेस्कोकडं जा," तो म्हणाला आणि पळत सुटला.

मी आयुष्यात बैलगाडीखेरीज कशावर बसलो नव्हतो. तो घोडा मला घेऊन गेला की मी त्याला, ते देवाला ठाऊक. वर पोचलो तर चेस्को दारापाशी टोपी काढून प्रार्थना करत उभा.

"खाली घे! दार खाली घे, म्हाताऱ्या!"

"घंटा झाली ना?" तो म्हणाला. "मग?"

"अरे, तुला सांगितलं होतं ना, निरोप येईपर्यंत हलवू नकोस!"

"घंटेपेक्षा मोठा निरोप कुणाचा असतो रे, बास्तियान?"

 दोघांनी मिळून दार खाली घेतलं.

मी परत आलो तेव्हा तिसरं आडवं दार उघडं होतं. लोंढा मोठ्या घराच्या कुरणातून, गुलाबाच्या ताटव्यांतून, पायऱ्यांवरून खाली तळघरात चालला होता. तळघरातली दारूची पिंपं एकामागून एक तरंगत बाहेर येत होती, मिरवणुकीत निघाल्यासारखी. ऑत्तावियो दारावर ओणवा, चावीला लटकलेला, हात रक्तबंबाळ. वरच्या पायरीवर मालकीणबाई उभ्या होत्या, काळ्या पोशाखात. त्यांनी पिंपांकडं पाहिलं, गुलाबांकडं पाहिलं, मग मुलाकडं.

"ऑत्तावियो," त्या म्हणाल्या, "खालच्या लोकांचं राहिलं का?"

"राहिलं, आई."

"मग पाय पुसून आत ये. अंडी गार होतायत."

रविवारी सकाळी मेजर आले. चर्चच्या मनोऱ्यावरून त्यांनी पाहिलं. क्षितिजापर्यंत पाणी, मधे पॉपलरच्या झाडांच्या रांगा आणि आभाळ. "मला तुमचे बांध दिसत नाहीत," ते म्हणाले.

"पाण्याखाली आहेत, साहेब," ऑत्तावियो म्हणाला. "सगळे."

मेजरांनी खिशातून कागद काढला, चार तुकडे केले आणि मनोऱ्यावरून सोडून दिले. ते तुकडे बराच वेळ पाण्यावर तरंगत होते.

सोमवारी शत्रूचे घोडेस्वार आले. पहिला घोडा पोटापर्यंत रुतला. त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. आमची माणसं पलीकडं बसून बेडूक तळत होती, त्याचा वास वाऱ्यानं त्यांच्याकडं जात होता. ते परत गेले.

मंगळवारी ऑत्तावियोची पलटण निघाली. जाताना त्यानं मला चावी परत केली, पुसून, तेल लावून. "बी किती दिवस दम धरेल, काका?"

"दहा. त्यापुढं कुजतं."

"शत्रू नवव्या दिवशी हलला तर त्याच दिवशी खालून सोड. खालचं दार आधी. आणि उगवलं की मला कळव. कागदातून सुटलो, पण मावशीच्या वचनातून अजून सुटलो नाही."

मित्रदेशाची फौज डोंगर उतरली आणि शत्रू नवव्या दिवशी हलला. मी अकरावी मोरी उघडली, मग दहावी. पाणी आलं तसं निवांत गेलं. बांध वर आले, एक एक करून, ओल्या म्हशींच्या पाठींसारखे. सगळेच्या सगळे. पुढं चार दिवस आम्ही नुसते चिखलाकडं बघत बसलो. देल्फिना तर तिथंच झोपायची. पाचव्या दिवशी सकाळी तिनं आरोळी ठोकली. तिच्या तुकड्यात, अगदी कोपऱ्यात, जिथं एकदा नऊ वर्षांच्या पोरानं बांध बांधला होता, तिथं हिरवी सुई. मग दुसरी. दुपारपर्यंत सगळा चिखल हिरवा.

कळवायचं कसं? मला लिहिता येत नव्हतं, तिलाही नाही. ती म्हणाली, "लिहून काय कळतं? दाखव त्याला." आपली एक जुनी, लाकूड कोरून केलेली बुटासारखी खोल खडाव तिनं चिखलानं भरली, त्यात मूठभर रोपं लावली, वर ओलं शेवाळ घातलं. मी दारूगोळ्याच्या गाड्यांवर बसून चार दिवसांनी छावणीत पोचलो. वाटेत शिपाई हसत होते, हा म्हातारा बुटात शेती करतो म्हणून.

ऑत्तावियो तंबूबाहेर दाढी करत होता. खडाव पाहिली आणि वस्तरा ठेवून दिला. त्यानं एक रोप उपटलं, मुळं धुतली, बोटानं एक एक मूळ सोडवून पाहिलं.

"पाच मुळं," तो म्हणाला. "कोपऱ्यातलं?"

"कोपऱ्यातलंच. तिनं मुद्दाम तिथलं दिलं."

तो इतक्या जोरानं हसला की शेजारच्या तंबूतून माणसं बाहेर आली. "हिला अजून विश्वास नाही बघ! पुरावा पाठवते!" मग अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्यानं मला मिठी मारली. "तिला सांग, अकरा दिवस चिखल वाहिला, तो फुकट नाही गेला." आम्ही पाव आणि कांदा खाल्ला. त्यानं खडावेत पाणी घातलं, बेताचं, काठाकाठानं. शिकवलेलं विसरला नव्हता.

जूनमध्ये एका टेकडीवर मोठी लढाई झाली. आपण ती टेकडी जिंकली. तो वरपर्यंत पोचला होता, असं त्याच्या शिपायानं सांगितलं. शिपायाला त्यानं वाटेत म्हटलं होतं, "चढत राहा, धावू नका." वर पोचल्यावर गोळी लागली. बावीस वर्षं आणि चार महिने.

शिपायानं खडाव परत आणली. रोपं वाळली होती. मी खोटं सांगणार नाही. देल्फिना तेव्हा निंदणीला गुडघाभर पाण्यात होती. तिनं खडाव घेतली, वाळलेली माती आपल्या कोपऱ्यात ओतली आणि पुन्हा वाकली. त्या दिवशी निंदणीच्या बायकांनी गाणं म्हटलं नाही, पण काम थांबवलंही नाही. शरदात पीक आलं ते असं की बांध दिसेनात.

पुढच्या वसंतात चर्चच्या दाराशी पाण्याची हाळी झाली. दरवर्षी हंगामाच्या आरंभी मी अकरा दारांची नावं पुकारतो. दाराला ज्या माणसाचं नाव असतं तो असेल तर तो, नाही तर त्याचं घर पुढं होऊन म्हणतं, "आहे." कुणी म्हटलं नाही तर ते पाणी दुसऱ्याचं होतं. अकरावं दार आजवर नाव नसलेलं, गरिबाचं. मी कुणाला न विचारता पुकारलं, "अकरावं दार, ऑत्तावियोचं."

 मालकीणबाई काळ्या पोशाखात पहिल्या रांगेत होत्या. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. त्याला मूल नव्हतं, भाऊ नव्हता. मी दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारायचं नसतं.

मागून, बायकांच्या रांगेतून, दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत देल्फिना उठली.

"आहे!" ती ओरडली. "आहे, इथंच आहे. सोड पाणी."

मी चावी उचलली आणि खालून सुरुवात केली.